उरोशच्या मेनूतला अर्धा सेकंद

उरोशचा मेनू माझ्या मेनूपेक्षा वाईट आहे, हे मी सर्बियातल्या अख्ख्या निश शहरात कोणालाही पुराव्यानिशी पटवून देऊ शकत होतो.

आमचा क्लब लोकांनी अडगळीत टाकलेले संगणक जमवतो, त्यांच्यावर फुकटची हलकी प्रणाली चढवतो आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना देतो. पडद्याच्या कोपऱ्यात क्लिक केलं की प्रोग्रॅमची यादी उघडते. ती यादी, म्हणजे तो मेनू, इतकी वर्षं माझा होता. क्लिक केल्याक्षणी उघडतो, पुन्हा केलं की मिटतो. त्याच्या वेगासाठी मी रक्त आटवलंय. मग हा उरोश आला आणि त्याने स्वतःचा मेनू लिहिला, मोठाली चित्रं, जाडजूड अक्षरं. यापुढे सगळ्या मशिनवर कोणाचा मेनू राहणार, हे क्लब शनिवारी मतं घेऊन ठरवणार होता.

तेही सोसलं असतं. पण त्याच आठवड्यात आमच्या घराण्याच्या संताचा वर्षातून एकदा येणारा सण म्हणून आईकडे गेलो, तर तिच्या पडद्यावर उरोशचा मेनू. माझ्या सख्ख्या आईच्या. तो दर गुरुवारी येतो म्हणे, तिला रादोयका काकू म्हणतो आणि तिच्या हातची गरम चीजची गिबानित्सा खातो. मला ती फक्त सणाला मिळते. आता मी जातोच सणाला, पण मुद्दा तो नाही. माझी जळून राख झाली, दुसरं नाव कशाला देऊ.

घरी येऊन त्याचा कोड उघडला. आमच्यात कोड झाकायची रीत नाही. ज्याला हवं त्याने नाक खुपसावं. मी खुपसलं, आणि घबाडच सापडलं. एकदा क्लिक झालं की पुढचा अर्धा सेकंद त्याचा मेनू दुसरं क्लिक मोजतच नव्हता. मुद्दाम तसं लिहिलेलं.

शनिवारी ती ओळ मी भिंतीवर मोठी करून दाखवली. म्हटलं, एवढ्या वेळात माझा मेनू दहादा उघडून मिटतो, इथे कोणी गोगलगाय पाळलीये का. सगळे हसले. क्लब चालवणाऱ्या स्लाविकाबाई तर डोळे पुसत होत्या. उरोश मात्र खाली बघत बसला.

"सांग की, कशाला हवाय हा अर्धा सेकंद?" मी म्हणालो.

"इथे नको, दादा."

"इथेच सांग. आता का लाजतोस?"

"रादोयका काकूंचा हात थरथरतो," तो हळू आवाजात म्हणाला. "एकदा दाबायला जातात आणि दोनदा दाबलं जातं. तुझा मेनू उघडायचा आणि लगेच मिटायचा. त्यांना वाटायचं, मशिनच बिघडलंय."

आता सगळे माझ्याकडे बघत होते. मतदानाला मी थांबलोच नाही, तडक आईकडे गेलो. सण नसताना मला दारात बघून ती घाबरली. मी बसलोही नाही.

"हात कधीपासून थरथरतोय तुझा?" मी विचारलं. "आणि पोटचा पोरगा सोडून त्या उरोशला सांगितलंस?"

आईने दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले.

"त्याला कुठे सांगितलं मी," ती म्हणाली. "शेजारी बसला होता, त्याला दिसलं."