पलीकडचं बटण

भिंत बांधून झाली त्या संध्याकाळी दोघा भावांच्या लक्षात आलं, की थोरल्याच्या दिव्याचं बटण धाकट्याकडे गेलंय आणि धाकट्याच्या पंख्याचं थोरल्याकडे. शहाणी माणसं असती तर वायरमनला बोलावलं असतं. पण त्यासाठी आधी एकमेकांशी बोलावं लागलं असतं, आणि अबोला तर नुकताच धरला होता!

भांडण कशावरून, तर वडिलांच्या कागद कापायच्या मशीनवरून. वडील बुकबाइंडर. भिंत नव्हती तेव्हा याच खोलीत दोघं भाऊ त्यांच्या हाताखाली खळ ढवळायचे आणि चिकट बोटं एकमेकांच्या केसांना पुसायचे. झोपायचेही इथंच, एका चादरीसाठी ओढाओढ करत. काय सुखाचे दिवस होते ते! वडील गेले आणि मशीन कुणाचं यावरून घराचे दोन तुकडे झाले. मशीन पुढे गंजून भंगारात गेलं. भिंत राहिली.

मग ठोकायची पद्धत पडली. एकदा ठोकलं की लाव, दोनदा ठोकलं की बंद कर. वर्षं सरली. थोरल्याची बायको गेली, लांब राहणारी मुलगी फोनपुरती उरली. धाकट्यानं तर लग्नच केलं नाही. दिवसभर कुणाशी चकार शब्द न बोलता थोरला अंधार पडायची वाट बघायचा. भिंतीवर ठोकलं की पलीकडून दिवा लागायचा.

एका संध्याकाळी तो लागला नाही. "रुसलाय म्हातारा," असं म्हणत थोरल्यानं ठोकून ठोकून हात दुखवून घेतला, दोन शिव्या हासडल्या आणि अंधारातच जेवला. सकाळी शेजाऱ्यांनी धाकट्याचं दार तोडलं, तेव्हा कळलं.

धाकट्याचा हिस्सा वारसाहक्कानं थोरल्याकडेच आला. अख्ख्या घराचा मालक झाला गडी, आणि भांडायला कुणी उरलं नाही. एकच गोष्ट त्याला आतून खात होती. धाकटा शेवटपर्यंत रागातच गेला का? आता विचारणार कुणाला?

दिव्याचं बटण हलवायला वायरमन आला. धाकट्याच्या खोलीत उभा राहून म्हणाला, "काका, दिव्याचं तुमच्याकडे घेतो. पंख्याचं आहेच की इथं."

"इथं कसं असेल? ते माझ्याकडे आहे. भाऊ इथून ठोकायचा आणि रोज मीच लावत होतो."

वायरमननं पलंगाच्या उशाशी असलेलं बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. मग थोरल्याच्या बाजूला जाऊन त्यानं तिथलं बटण उघडून पाहिलं आणि परत आला.

"तुमच्या बटणाला वायरच नाहीये. कधीच इकडून ओढून काढलीय. हे इथलं बटणसुद्धा किती जुनं आहे बघा, असा माल आता मिळत नाही."

"अरे, पण मी दाबलं की पंखा सुरू व्हायचा! मला ऐकू यायचा!"

"तुमचा खटका ऐकून ते इथलं दाबत असतील," वायरमन हसला. "कमाल आहे बुवा! मग ठोकायचे कशाला?"

थोरला मटकन पलंगावर बसला. भर थंडीतसुद्धा पंख्यासाठी ठोकायचा बेटा. याचं डोकं फिरलंय, असं पुटपुटत, दुखरे गुडघे धरून थोरला दर वेळी उठायचा.

"एकदा सांगायचं तरी होतंस रे," तो म्हणाला आणि त्याला रडू आवरेना.

वायरमन अवघडला, वायर आणतो म्हणत बाजारात निघून गेला. थोरल्यानं डोळे पुसले. मग हात उचलून त्यानं भिंतीवर एकदा ठोकलं. पलीकडे त्याची स्वतःचीच रिकामी खोली होती.