जुन्याच्या जागी नवा उपग्रह

मी लोणावळ्यात बंगल्यांवर टीव्हीच्या छत्र्या बसवतो. माझी बायको प्रमोदिनी वारली त्याला चारच महिने झाले होते, तेव्हा माझी थोरली बहीण भामाअक्का टाकव्याचं स्थळ घेऊन आली. संध्याकाळपर्यंत त्यांना निरोप द्यायचा होता.

टीव्हीवर नव्या उपग्रहाचं उड्डाण दाखवत होते. जुन्याचं इंधन संपत आलं होतं. रॉकेट वर गेलं आणि त्याचा खालचा भाग परत येऊन जहाजावर उभा राहिला.

"गेलेलं परत येतंय की रं!" अक्का म्हणाली.

"रॉकेट येतं," मी म्हणालो.

"आता समद्या छत्र्या फिरवाव्या लागत्याल?"

"नाही. नवा जुन्याच्याच जागी बसतो. बघणाऱ्याला कळतही नाही."

"मंग मी दुसरं काय सांगती? तुजं बी घर हाय तसंच ऱ्हाईल."

तिने पुडीतून चांदीचा टाक काढून माझ्या हातावर ठेवला. पहिल्या बायकोचा टाक दुसरीने गळ्यात घालायची आमच्याकडे रीत आहे. नखाएवढ्या पत्र्यावर एक बाई ठोकलेली होती. ती कुणीही असू शकली असती.

"जुन्याचं काय करत्यात?" अक्काने विचारलं.

"बाजूला ढकलतात. बंद पडलेला तसाच फिरत राहतो."

अक्काने टाक पुन्हा पुडीत बांधला आणि टाकव्याला फोन लावला. "त्याला जरा दम खाऊ द्या," ती म्हणाली.

मी फोन तिच्या हातातून घेतला आणि त्यांना नाही म्हणून सांगितलं.