फादरांची बाज

फादर लसराडोंना कावीळ झाली ती दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. अख्ख्या कवठवाडीला ती दिसत होती, फक्त फादरांना सोडून. डोळे पिवळे, नखं पिवळी, आणि हा माणूस सायकलीला औषधाची पेटी बांधून रोज पाझर तलावाच्या कामावर जायचा. तिथं खडी फोडणाऱ्या बायांची लेकरं हगवणीनं हैराण होती. शेवटी एका सकाळी मिस्साची उपासना चालू असतानाच फादर वेदीला धरून खाली बसले, आणि चर्चमागच्या खोलीत जे आडवे झाले ते उठेनातच.

त्यांचा स्वयंपाक मनकर्णा करायची. पन्नाशीची विधवा, तोंडानं फटकळ. लोक म्हणायचे, मनकर्णा फादरांना भीत नाही, फादरच तिला भितात. गावातल्या दूध सोसायटीचे चेअरमन विठ्ठलराव रोज तांब्याभर ताक पाठवायचे. दुष्काळात म्हशी आटलेल्या, तरी पाठवायचे. फादर म्हणायचे, "पोरांना वाटून टाक."

"वाटते की," असं म्हणून मनकर्णा समोर उभी राहायची आणि तांब्या रिकामा होईपर्यंत हलायची नाही.

पण आतून ती घाबरलेली होती. तिचा नवरा याच दुखण्यानं गेला होता. झाडपाला होईल, उतारा होईल, उद्या बघू, परवा बघू, असं करता करता दवाखाना राहून गेला. म्हणून ती फादरांच्या मागं लागली होती, बीडच्या दवाखान्यात चला. फादर म्हणायचे, "रविवारची मिस्सा होऊ दे." एक रविवार गेला, दुसरा गेला. मिस्सा सांगायला उभं राहणं काही त्यांना जमलं नाही, आणि ते दवाखान्यातही गेले नाहीत.

अशात एका दुपारी रामहरी मास्तर उन्हातून घामाघूम होऊन आला. हा वस्त्यांवर फिरून प्रार्थना घ्यायचा, पोरांना धर्मशिक्षण द्यायचा. मनकर्णानं त्याला दारातच अडवलं.

"झोपलेत. काय असंल ते मला सांग."

"केसरबाईचं काही खरं न्हाई," रामहरी हळू आवाजात म्हणाला. "दमा लई वाढला. आजाऱ्याचं तेल मागतीया. फादरच पायजेत म्हंती."

केसरबाई डोंगरवस्तीवरची म्हातारी. त्या भागात पहिल्यांदा बाप्तिस्मा घेतला तो तिच्या घरानं. मनकर्णाला ती मावशीसारखी.

"मास्तर, आता ह्यांनाच दुसऱ्यानं उठवून बसवावं लागतंय. तूच जा. जपमाळ म्हण तिच्यापाशी."

"ते मी केलंच की. पन तेल फादरनंच लावायचं असतंय, मला देता येत न्हाई."

"रामहरी," आतून आवाज आला. "मी येतो म्हणून सांग."

फादर भिंतीला धरून उठले होते. दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला गुडघ्यातून वाकले. दोघांनी मिळून त्यांना परत बाजेवर घातलं. धाप थांबल्यावर ते म्हणाले, "चालता येत नाही, तर मला उचलून न्या."

"मढं नेल्यागत?" मनकर्णा भडकली. "दवाखान्यात जायाला ताकद न्हाई, आन डोंगरवस्तीला जायाला हाय व्हय?"

"तिनं बोलावलंय, मनकर्णाबाई. माझ्या आजारासाठी तिला थांबवून ठेवता येईल का?"

मनकर्णा पदर डोक्यावर ओढून तडक दूध सोसायटीवर गेली. वस्तीतले धडधाकट गडी सगळे तलावाच्या कामावर. माणसं असली तर इथंच असणार. सोसायटीच्या ओट्यावर विठ्ठलराव बसले होते. शेजारी आसाराम मेंढका आणि सोसायटीत कॅन धुणारा सुग्रीव. तिनं सगळं सांगितलं.

"काहून असा हट्ट करतेत फादर?" विठ्ठलराव म्हणाले. "आता दुधाचा ट्रक येईल. त्यात घालून नीट बीडला पाठवतो. दवाखान्यात माझी वळख हाय."

हेच तर मनकर्णाला इतके दिवस हवं होतं. 'हो' म्हटलं असतं तर चौघांनी धरून फादरांना ट्रकात घातलं असतं, आणि फादरांच्या अंगात विरोध करायचंही बळ नव्हतं. क्षणभर तिच्या तोंडावर ते आलंही. पण केसरबाई दाराकडं डोळे लावून पडली असेल, हे काही तिच्या मनातून जाईना.

"मालक, दोन्ही करा," ती म्हणाली. "ट्रक यायच्या आधी बाजेवरनं केसरबाईकडं नेऊ. तिची वस्ती सडकेला लागूनच हाय. ट्रक तिथं थांबवा, तिथनंच बीडला न्या."

"आन दूध? या उन्हात नासंल ना ते."

आसाराम मात्र उठला. "गेल्या साली माझ्या पोरीला फादरनंच सुया टोचून वाचवलं. बाजेचा एक खूर मी धरतो."

सुग्रीवही उठला. रामहरी होताच. चौथा कोण, म्हणून सगळे इकडंतिकडं बघू लागले. ओट्यावर अजून दोघं-तिघं होते, पण कावीळ लागते म्हणतात, आणि डोंगरवस्तीत जायचं म्हणजे शिवू नये म्हणतात त्यांच्या घरात पाऊल ठेवायचं. कुणी हललं नाही. विठ्ठलरावांनी धोतराचा काचा मारला.

"ट्रकवाल्याला सांगा, डोंगरवस्तीपाशी थांब म्हणावं. दूध नासलं तर माझ्या घरचं नासलं म्हणून लिहा. चला."

बाज निघाली. मनकर्णानं फादरांच्या डोक्यावर छत्री धरली. वाटेतली रानं भाजून निघालेली, विहिरींचे तळ उघडे पडलेले. बाज बघून तलावाच्या कामावरच्या बाया उभ्या राहिल्या. फादर गेले असंच त्यांना वाटलं. एकीनं तर गळा काढला.

"गप बसा गं," मनकर्णा ओरडली. "जित्ते हायेत!"

तेव्हा फादर बाजेवर पडल्या पडल्या हसले.

केसरबाईच्या खोपटात दुसरी बाज मावेना. मग म्हातारीचीच बाज बाहेर लिंबाखाली आणली आणि दोन्ही बाजा शेजारी शेजारी ठेवल्या. केसरबाईला एकेक शब्द बोलायला वेळ लागत होता. तिनं मान वळवून फादरांकडं बघितलं.

"अगं बया," ती म्हणाली. "हळद लागली की. लगीन हाय व्हय फादर?"

सगळ्यांना हसू फुटलं. विठ्ठलरावांनी तोंड फिरवून हसू दाबलं.

फादरांना हात नीट धरवेना. मनकर्णानं त्यांचं मनगट आपल्या हातात धरलं, आणि तिच्या आधारानं त्यांनी म्हातारीच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं, तिला ख्रिस्तप्रसाद दिला. आसाराम वहाणा काढून हात जोडून उभा होता.

झालं असं वाटून फादर मागं टेकले, तर केसरबाईनं आपला तेलाचा हात उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"देवा," ती म्हणाली, "ह्याला बरं कर. ह्याची माय लांब हाय."

फादर मंगळूरकडचे. त्यांना आई आहे, ती कुठंतरी वाट बघत असेल, हे इतक्या वर्षांत मनकर्णाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. फादरांनी हातानं डोळे झाकले. मग ते म्हातारीच्या भाषेत, अगदी तिच्यासारखंच म्हणाले, "व्हय माय. लई लांब."

सडकेवर ट्रकनं हॉर्न दिला. कॅन एका बाजूला सारून गोधडी अंथरली होती. विठ्ठलराव स्वतः शेजारी बसून बीडपर्यंत गेले.

केसरबाई त्याच आठवड्यात गेली. जमीन इतकी कडक की कुदळ उडायची. आसाराम आणि सुग्रीवनं तलावाच्या कामावरच्या पहारी आणून खड्डा खणला. प्रार्थना रामहरीनं सांगितली. गाण्याची ओळ तो चुकला, तेव्हा मनकर्णानं आवाज चढवून पुढचं कडवं उचललं आणि बाया तिच्या मागनं गायला लागल्या.

मग ती वडवणीहून बस धरून बीडला गेली. फादर खाटेवर उशीला टेकून बसले होते. डोळ्यांतला पिवळेपणा उतरणीला लागला होता. तिनं केसरबाईचं सांगितलं.

"शेवटी कोण होतं जवळ?"

"मी होते. तरास झाला न्हाई तिला."

फादरांनी मान हलवली. मग मनकर्णानं कनवटीची जपमाळ काढली आणि पुटपुटत सुरुवात केली. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची बायको, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेली, जरा सरकून जवळ बसली. "आमच्या ह्यांच्यासाठी बी म्हणा की," ती म्हणाली.

"नाव काय त्यांचं?" मनकर्णानं विचारलं.

"गहिनीनाथ."

मनकर्णानं मणी मागं सारला आणि त्या नावासकट पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.