ते कडं नव्हतं

लोक मला 'गिटारवाले अंबरीशजी' म्हणतात. म्हणजे मला गिटार वाजवता येते असं नाही हं. जुन्या सिनेमांच्या गाण्यांत ती हवायन गिटार असते ना, मांडीवर आडवी ठेवून तारांवरून स्टीलचा बार घसरवत वाजवतात, सूर कसा लांबत जातो, ती कोणी वाजवली ते मी ओळखतो. पडद्यावर वादकांची नावं येतच नसत. संगीतकाराचं मोठ्ठं नाव, बाकीचे वाजवायचे आणि घरी जायचे. फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून मी हेच करून राहिलो. फोनवर आमचा ग्रुप आहे. लोक गाण्यांचे तुकडे पाठवतात आणि मी सांगतो, हा अमक्याचा हात. बहुतेकदा बरोबर निघते. तिथंच डोक्यात हवा गेली माझ्या.

एका तुकड्यानं मात्र पार छळलं होतं मला. साठच्या दशकातलं नावेतलं गाणं, सिनेमाचं नाव कोणाच्या लक्षात नाही. शेवटचा सूर वर चढतो, पोचायला जरासा उशीर करतो, आणि पोचता पोचता मागं बारीकसं 'टिंग' वाजते. इथं हिंदी मुलखात, राइट टाउनच्या आमच्या घरी तो तुकडा रोज लागायचा. आणि लागला की काकू हमखास खोलीत. कधी फडकं घेऊन, कधी चष्मा शोधत. मी भडकायचो. "काकू, जाय ना बाप्पा आत! काहून मध्ये मध्ये करून राहिली?" ती जायची. दाराआड उभी राहायची ते मला आता कळते.

काकू म्हणजे विभावरीकाकू, माझ्या धाकट्या काकांची बायको. काका गेले, मूलबाळ नाही, ती आमच्यातच असते. मी पाळण्यात होतो तेव्हा लग्न होऊन दादरहून इथं आली. तिच्याबद्दल मला एवढंच माहीत होतं, आणि याहून जास्त काही असेल असं कधी मनातही आलं नाही.

दिवाळीनंतर ग्रुपवर कोणीतरी एक फोटो टाकला. योगेंद्र नावाचा जुना वादक, मांडीवर गिटार, हातात जाडजूड स्टीलचं कडं. मी खुर्चीतून उठलोच. टिंग म्हणजे कडं! सापडला गडी! मुंबईला रत्नाकर म्हणून एक फार जुने व्हायोलिनवाले आहेत, त्यांना लगेच फोन लावला. ते म्हणाले, "अहो, योगेंद्र कुठला? ती आमची शकु. लग्न होऊन तुमच्याच बाजूला गेली कुठंतरी." मी "अच्छा, अच्छा" म्हणून फोन ठेवला. म्हटलं, म्हाताऱ्याचा घोळ होऊन राहिला.

मग काय, इथल्या मराठी मंडळात माझं भाषण ठरलं. योगेंद्र वारलेले, म्हणून त्यांच्या मुलाला नागपूरहून बोलावलं. काकू जरीची साडी नेसून पहिल्या रांगेत. मी तुकडा वाजवून दाखवला, पुन्हा वाजवला, टिंग वाजताच बोट वर केलं. सांगायलाही लाज वाटते, पण मी माइकवर म्हणालो, "मुंबईचे एक बुजुर्ग सांगतात, हे कोण्या शकुनं वाजवलं. आता बघा, बारचा एवढा पक्का दाब! हा बाईचा हात आहे का जी?" लोक खो खो हसले. काकूचा डावा हात मांडीवरच्या पर्सवर इकडून तिकडं सरकून राहिला होता. मी तोही सोडला नाही. "पाहा, आमची काकूसुद्धा ठेका धरून राहिली!" पुन्हा हशा. मुलाला शाल, श्रीफळ. मी घरी आलो तो हवेतच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू अंगणात मटर सोलत बसली होती. मी शेजारी बसून ग्रुपवरची वाहवा मोठ्यानं वाचून दाखवत होतो.

"ते कडं नव्हतं रे," काकू म्हणाली.

"काकू, तुला यातलं काय समजते?"

"फोटोत कडं उजव्या हातात आहे. बार डाव्या हातात असतो. सूर चढताना सरकतो तो डावा हात. मग उजव्या हातातलं कडं कसं वाजेल?"

 एवढी साधी गोष्ट! महिनाभर तो फोटो मोठा करून करून पाहिला होता मी.

"मग काय वाजलं?"

"बांगडी."

"कोणाची?"

"माझी." तिनं सोललेले दाणे पातेल्यात टाकले. "साखरपुड्यात सासूबाईंनी हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. लग्नापर्यंत काढायच्या नाहीत म्हणाल्या. रेकॉर्डिंगवाला ओरडला, आवाज येतोय. मग रत्नाकरनं त्याचा रुमाल दिला, तो बांगड्यांवर घट्ट बांधला. हात जड झाला, म्हणून सूर उशिरा पोचला. आणि एक बांगडी निसटलीच. ते माझं शेवटचं रेकॉर्डिंग."

"पण ती तर शकु..."

"मीच ती. लग्नात तुझ्या काकांनी तांदळावर अंगठीनं विभावरी लिहिलं. मग इथं कोण शकु म्हणणार? माझे भाऊ यायचे तेही ताईच म्हणायचे."

मी पायाखालच्या फरशीकडं पाहत बसलो.  आमच्या आईपासून आजीपर्यंत सगळ्यांची नावं अशीच तांदळावर बदललेली. मला काय हे ठाऊक नव्हतं? आणि इथंच आजूबाजूला शकु शोधायची सोडून मी तिला हसण्यावारी नेलं होतं.

"मला आधी काहून नाही सांगितलं?"

"तू खोलीत थांबू दिलंस का कधी?" आता तिचा आवाज चढला. "वाटलं, एवढा कान आहे याला, ऐकेल कधीतरी. काल साठ वर्षांनी माझं नाव कानावर पडलं, अंबरीश. आणि सगळे हसले. तू हसवलंस."

मला रडू येऊन राहिलं होतं, पण रडायचाही हक्क नव्हता. मी म्हणालो, "काकू, चुकलो मी." ती शेंगा सोलत राहिली. मग माझ्यातला लबाड जागा झाला. "पण आता त्या मुलाला शाल देऊन बसलो. लोक काय म्हणतील? हळूहळू सांगू का, सावकाशीनं?"

"मी ब्याऐंशीची आहे," काकू म्हणाली. "माझं नाव लाव. आज लाव."

आधी योगेंद्रच्या मुलाला फोन केला. तो बिचारा म्हणाला, "बाबूजींनी तर कधी सांगितलं नव्हतं की हे त्यांनी वाजवलं. तुम्ही इतके जाणकार, तुम्ही म्हणालात म्हणून आलो." त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग ग्रुप उघडला. लिहायला घेतलं तर पहिलंच वाक्य तीनदा खोडलं, म्हणून आवाजच रेकॉर्ड करायचं ठरवलं. बटण दाबून धरलं. काकू पदराला हात पुसून समोर नीट बसली, जसं काही तिचंच रेकॉर्डिंग आहे.

"नमस्कार. काल मी मंडळात जे सांगितलं ते चूक होतं. ती गिटार योगेंद्रजींची नाही. बाईचा हात नाही म्हणालो, तेही चूक. ती गिटार वाजवली आहे शकुंतला..."

आणि अडकलो. आमचं आडनाव लावणार होतो, ते ओठांवर आलंही होतं. पण तेव्हा ती आमची नव्हतीच. दुसरं काही डोक्यात येईना. हजार वादकांचे हात ओळखतो मी, आणि ज्या बाईच्या हातचं जन्मभर जेवलो, तिचं... फोन चालूच होता. काकू माझ्याकडं पाहत होती.

"काकू," मी विचारलं, "माहेरचं आडनाव काय तुझं?"

तिनं फोनकडं मान वळवली.

"दिघे," ती म्हणाली. "शकुंतला दिघे."

मी बोट उचललं आणि ते तसंच गेलं, माझ्या प्रश्नासकट. अवंती, माझी मुलगी, आतून धावत आली. "पापा, ये क्या भेज दिया? डिलीट करा ना, तुम्हाला नावच माहीत नव्हतं हे सगळ्यांनी ऐकलं."

"ऐकू दे," मी म्हणालो.