लहानू थुलांच्या सोळा पट्ट्या

हिंगणघाटच्या एका महाविद्यालयात ‘संगणकभाषांचा उगम’ या विषयावर व्याख्यान व्हायचे होते. त्याच्या आदल्या दुपारी लहानू थूल आपल्या सोळा लाकडी पट्ट्या धोतराच्या जुन्या फडक्यात बांधून तेथील प्रयोगशाळेत आले. व्याख्यान त्यांच्या कन्येचे होते. पौर्णिमा तेथेच संगणकशास्त्र शिकवीत असे.

गावातली एक कापडगिरणी बंद पडेपर्यंत लहानूंनी तिच्यात सव्वीस वर्षे डॉबीवर काम केले होते. डॉबी म्हणजे मागावर बसविलेले नक्षीचे यंत्र. पट्टीच्या ज्या भोकात खुंटी असेल, त्या जागचे ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर उचलले जातात. भोक रिकामे असेल तर ते खालीच राहतात. कागदावरची नक्षी वाचून खुंट्या बसविणे हे लहानूंचे काम. गिरणीत त्यांना सारे ‘खुंट्या ठोकणारा’ म्हणत.

पौर्णिमेने मात्र व्याख्यानाच्या फलकावर पट्ट्यांच्या चित्राखाली छापले होते : ‘आज्ञालेखन – लहानू थूल’. तिचे प्रतिपादन असे, की दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधील जॅकार्डच्या मागाला भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांतून आज्ञा मिळत. त्या पुठ्ठ्यांवरूनच बॅबेजने आपल्या गणनयंत्राची योजना आखली. आणि पुढे फोर्ट्रान, कोबॉल या भाषांतील लेखनही कित्येक वर्षे तसल्याच कार्डांवर झाले. खुंटी आणि रिकामे भोक हीसुद्धा त्याच कुळातली लिपी होय. तिने घरी दाखविलेल्या फलकावरची आपल्या नावाची ती ओळ लहानूंनी तीनदा वाचली होती.

गुंजन नावाच्या विद्यार्थिनीने पट्ट्या पाहून खुंट्यांची नोंद केली आणि ती नक्षी पडद्यावर काढणारा प्रोग्रॅम लिहिला. लहानूंनी त्या नक्षीच्या कापडाचा हातभर तुकडाही आणला होता : निळ्या पोतावर उजवीकडे झुकलेली पांढरी पाने. पडद्यावर उमटली ती पांढऱ्या पोतावर निळी पाने, आणि तीही डावीकडे झुकलेली.

गुंजनने रंगांची अदलाबदल केली. पोत निळा झाला. पाने डावीकडेच राहिली.

विभागप्रमुख ओमप्रकाश सर मागे उभे राहून पाहत होते. ते म्हणाले, “थूल मॅडम, उद्या बाहेरचे पाहुणे आहेत. पट्ट्या जुळत नसतील तर त्या वगळू. फलकावरची ती ओळही झाका.”

पौर्णिमा वडिलांजवळ येऊन हळूच म्हणाली, “बाबा, इतक्या वर्षांत एखादी खुंटी पडली असंल, नाई त पट्ट्या मागंपुढं झाल्या असतीन.”

“पट्ट्यांवर नंबर हाये,” लहानू म्हणाले. “अन् खुंटी पडली असती त एक धागा चुकला असता. हे त पुरं पानच फिरलं.”

तरीही त्यांनी प्रत्येक पट्टीवरून बोट फिरवून खुंट्या पुन्हा तपासल्या. एकही उणी नव्हती. मग त्यांनी गुंजनला सांगितले, “पोरी, तुवं पहिलं चित्र होतं ना, रंग बदलायच्या आधीचं, ते दाखव बरं.”

ते चित्र आले. लहानू पुढे वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. मागावर वाकल्यावर ते जसे दिसत, तसेच.

“हे त मी रोज पाहिलं,” ते म्हणाले. “सव्वीस वर्षं हेच पाहिलं. ही कापडाची उलटी बाजू हाय.”

“म्हंजे काकाजी?” गुंजनने विचारले.

“निळा ताणा वर दाखवाचा म्हटलं त जवळपास सगळाच ताणा दर फेरीले उचला लागते. माग लवकर झिजते. म्हणून कापड उलटंच विणत जावो. सुलटी बाजू खाली. मी मागाखाली आरसा धरून पान पाहाचो.”

त्यांनी कापडाचा तुकडा उचलून पालथा केला. पांढऱ्या पोतावर निळी पाने, डावीकडे झुकलेली.

गुंजनने कपाळावर हात मारला. “आणि मी दुपारपासून तुमच्याच खुंट्यांवर शंका घेऊन राह्यली!”

“घे ना. आमचा गिरणीतला मास्तर बी घेत जाय. त्यानं त कधी माफी बी नाई मांगली.”

तिने चित्र मुळातूनच पालथे करणारी ओळ लिहिली. रंग आणि झुकाव दोन्ही एकदमच जुळले.

ओमप्रकाश सरांनी तुकडा पडद्याशेजारी धरला. मग एक पट्टी हातात घेऊन तिच्या चारही बाजू निरखल्या. “पण हे पट्टीवर कुठंच लिहिलेलं नाही.”

“कशाले लिहिन जी? पट्टी मागासाठी असते. मागाले कुठं कापड पाहाचं असते? पाहणाऱ्याले ते ठाऊक पाह्यजे.”

सरांनी पट्टी जागेवर ठेवली. मग पौर्णिमेकडे वळून म्हणाले, “ओळ राहू द्या. आणि एवढं तुम्ही सांगू नका, उद्या यांनाच सांगू द्या.”

“मले?” लहानूंनी कन्येकडे पाहिले. “पाहुण्यांसमोर?”

“आता सांगतलं तसंच सांगा, बाबा,” पौर्णिमा म्हणाली. “आरश्याचं बी सांगा.”

गुंजन पट्ट्या क्रमाने लावू लागली होती. तिने विचारले, “काकाजी, हे पान तुम्हीच काढलं होतं काय?”

“नाई वो. पान तानबानं काढलं, नक्षीखात्यातल्या,” लहानू म्हणाले. “मागाले समजल असं ते मी लिहिलं.”