म्हसकड्याची आडवी वाट

म्हसकड्याच्या वाटेला ट्रेकिंगचा ग्रुप चालवणाऱ्या आल्हादनं ग्रुपच्या पानावर 'सोपी' असा शेरा दिला होता. गुडघे दुखणाऱ्यांनीही खुशाल यावं, असंही लिहिलं होतं. ते वाचून अंजली त्याच्या ग्रुपबरोबर गेली, वरून पडली आणि तिचं प्रेतच झोळीतून खाली आलं. पुढे इंदिरानगरच्या शोकसभेत आल्हाद म्हणाला, की वाट सोपीच आहे, बाईच घाबरल्या.

तिच्या नवऱ्यानं, सोमनाथनं, हे वाक्य वर्षभर गिळून ठेवलं. तो इगतपुरीला रेल्वेत चावीवाला होता. पायी तपासल्याशिवाय रूळ ठीक आहे असं त्यानं कधी म्हटलं नव्हतं. त्या वर्षात तो अकरा वेळा म्हसकडा चढला.

वर्षश्राद्ध झाल्यावर त्यानं चारचौघांत आल्हादला गळ घातली, की ती पडली तिथं फुलं ठेवायचीत, वाट तुम्हीच दाखवा. आल्हादला नाही म्हणता येईना. त्याच्या ग्रुपमधले दहाजणही निघाले.

वाटेतल्या गुहेपर्यंत आल्हाद पुढे होता, तोंडाची टकळी चालू. गुहेनंतर तो उजवीकडे वळला. उजवीकडे नुसती दरी होती.

"डावीकडं, भाऊ," सोमनाथ म्हणाला. इतके दिवस संशय होता, आता खात्री झाली. हा गुहेच्या पुढे कधी आलाच नव्हता.

पुढे कातळावरून वीतभर रुंदीची आडवी वाट. सोमनाथ पलीकडे गेला. आल्हाद मध्यावर अडकला, पोट कातळाला चिकटलेलं. दहाजण गुहेच्या तोंडाशी उभे राहून बघत होते.

"काका, दोर टाका."

दोर सोमनाथच्या खांद्यावर होता. तो खाली बसला.

"आधी सांगा, वाट कशी हाय?"

"अवघड."

"तिकडं ऐकू गेलं पाहिजे."

आल्हादनं तेच पुन्हा ओरडून सांगितलं.

"अन् याआधी इथं कधी आला होता?"

"नाही आलो. दुसऱ्यांचे फोटो बघून लिहिलं. काका, हात द्या."

गुहेकडून कुणीतरी शिवी हासडली. एवढं ऐकलं की आपलं भागेल, असं सोमनाथला वाटलं होतं. भागलं नाही.

"माझी बायको इथंच वीस मिनिटं हात मागत उभी होती," तो म्हणाला. "तुम्ही गुहेत चहा पीत होता, तुमच्याच माणसांनी सांगितलं. उजव्या पायाखालचा दगड डुगडुगतो, त्यावर भार देऊ नका. तिला हे कुणी सांगितलं नाय."

त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. सहा मिनिटं झाली होती. उरलेली चौदा मोजत तो बसून राहिला.