मानाचा गिलास

सुमन पगारेला गावात एवढा मान होता, की तिच्याशी बोलायला कुणी उरलंच नव्हतं.

सकाळी ती बालवाडीचं कुलूप काढायला निघाली, की ओट्यांवरच्या बायका उठून उभ्या राहायच्या आणि घरात निघून जायच्या. ती कुणाच्या दारी गेली, की अंगणात खुर्ची यायची. घरात पाट असे, सतरंजी असे. पण म्याडमला खुर्चीच, आणि खुर्ची अंगणातच. "खुर्ची दारातून आत जात नाय वो," असं अशाच एका दारी कुसाबाईने सांगितलं होतं. मग ती बाहेर कशी आली, हे विचारणं सुमनला बरं वाटेना.

समाजकार्याची पदवी हाती आली, तेव्हा नाशिकरोडच्या घरी वडिलांनी, जयराम पगारेंनी, तिच्यापुढे सगळ्या वाटा मांडल्या होत्या. "सातपूरला कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी हो. नायतर इस्पितळात जा. पंख्याखाली बसूनही समाजकार्य होतं. खेड्यात कशाला? खेड्यातून तर आपण पळून आलो."

"म्हणूनच, दादा," ती म्हणाली होती. आणि एका संस्थेची बालवाडी चालवायला दिंडोरीच्या पलीकडच्या या गावात आली होती.

पहिल्याच दिवशी सरपंच मल्हारीनानांनी सत्कार केला. हार, नारळ आणि स्टीलचा एक चकचकीत गिलास. त्यावर सुबक अक्षरांत नाव घातलेलं: कु. सुमन पगारे. "ह्यो गावातच ऱ्हाऊ द्या, म्याडम. तुमची आठवन म्हनून." आठवण गेलेल्या माणसाची ठेवतात, हे तिला तेव्हा सुचलं नाही. तिने घरी कळवून टाकलं, दादा, इथे जातपात औषधालाही उरलेली नाही.

पंचायतीचा शिपाई कोंडाजी खाकी पिशवी खांद्याला लावून तिच्या मागे मागे असायचा. कुठेही चहा आला, की पिशवीतून गिलास निघायचा. पाणी आलं, की गिलास निघायचा. वरून धार धरली जायची, ती इतक्या उंचावरून, की वाढणाऱ्याच्या नेमाचं तिला कौतुक वाटे. आजीच्या गोष्टीत फुटका कप असायचा, गोठ्याच्या वळचणीला ठेवलेला. तो चकचकीतही असू शकतो, त्यावर आपलं नावही असू शकतं, हे आजीने कधी सांगितलं नव्हतं. आजीलाही ठाऊक नसावं.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. तिळगूळ खुर्चीवर आला. संध्याकाळी खोलीच्या पायरीवर बसून ती इतरांच्या घरांतलं हसणं ऐकत जेवायची, आणि मनाशी म्हणायची, मोठ्या माणसांना असं थोडं एकटं पडावंच लागतं.

होळीच्या आधी गावाची 'आदर्श गाव' बक्षिसासाठी तपासणी निघाली. पंचायतीपुढे मंडप पडला. नाशिकहून साहेब आले. समतेवर भाषण सुमनचं ठरलं. गडबडीत कोंडाजीने पिशवी टेबलावर रिकामी केली आणि तो सतरंज्या अंथरायला धावला. ऊन मी म्हणत होतं. साहेबांनी समोर दिसला तो गिलास उचलला आणि जगमधलं पाणी ओतून घेतलं.

"सायेब, त्यो नको!" मल्हारीनाना ओरडले.

"का हो?"

"त्यो… मानाचा हाय."

"मग मला नको का मान?" साहेब हसले आणि गिलास तोंडाला लावून घटाघट प्याले.

मंडप चिडीचूप झाला. साहेबांना आता काहीतरी होणार, अशा नजरेने सगळे बघत राहिले. साहेबांना ढेकर आली.

खाली बायकांत कुसाबाई शेजारणीला हळूच म्हणाली, "आता सायबालापन येगळा गिलास करावा लागंल का गं?"

हळूच म्हणाली; पण शांतता फार होती.

सुमन माइकपाशी उभी होती. तिने गिलासाकडे पाहिलं, मग कोंडाजीकडे. कोंडाजीने मान खाली घातली. म्हणजे खुर्ची, धार, पिशवी, ओट्यावरून उठणं, सगळं तेच होतं, आजीच्या फुटक्या कपाचं. इस्पितळातल्या जागेची सोमवारी मुलाखत होती. अर्ज वडिलांनी परस्पर करून ठेवला होता. इथे तोंड उघडलं तर ही नोकरी जाणार. नाही उघडलं तर पिशवी जन्मभर मागे येणार.

ती मंडपाच्या कोपऱ्यातल्या माठापाशी गेली. झाकण काढलं. आत हात घालून ओगराळं बुडवलं आणि तोंड लावून प्यायली. परत येऊन माइकवर म्हणाली, "भाषण संपलं."

साहेबांना वाटलं, हे प्रात्यक्षिक. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि गावाला बक्षीस देऊन टाकलं.

जीपची धूळ खाली बसायच्या आत माठाच्या खापऱ्या झाल्या होत्या.

"म्याडम," मल्हारीनानांचा आवाज खरोखर दुखावलेला होता, "आमी तुमाला काय कमी केलं? एवढा मान दिला."

"मान थोडा कमी करा, नाना. पाणी द्या."

दुसऱ्या दिवशी बालवाडीत एकही मूल आलं नाही. रविवारी ती गिलास घेऊन नाशिकला गेली. भांडी बाजारात नाव घालणाऱ्यापुढे ठेवला. "हे नाव काढून द्या."

"नाव घालता येतं, ताई. काढता येत नाही. खरवडलं तर भांडंच जाईल."

सुमनने गिलास फिरवून नावाखालची मोकळी जागा पाहिली. मग म्हणाली, "खाली अजून घाला. 'आणि समस्त गावकरी मंडळी.'"

"लग्न आहे का?" त्याने विचारलं आणि घालून दिलं.

रात्री वडील म्हणाले, "सोमवार ध्यानात आहे ना?"

"दादा, इस्पितळात माणसं आपणहून येतात. तिथे दुसरं कुणी जाईल." सकाळी दिंडोरीच्या एसटीत तिचा नवा माठ वडिलांनीच चढवून दिला.

माठ बालवाडीच्या ओट्यावर बसला, त्यावर गिलास. रोज ती पाणी भरी, रोज शिळं ओतून देई. कुणी फिरकत नव्हतं. आता तर बायका तिला पाहून उठतही नव्हत्या. पाठ फिरवून बसत. संस्थेचा निरोप येईपर्यंत कुलूप उघडायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

एका भर दुपारी ओट्यावर भांडं वाजलं. ती बाहेर आली. कोंडाजी उभा होता. हातात गिलास, सदरा छातीपर्यंत भिजलेला.

"वरून पेलो, म्याडम," तो घाईने म्हणाला. "तोंड नाय लावलं."

"पाणी गार होतं?"

"व्हय."

"मग उद्या तोंड लावून बघा. सदरा कोरडा राहील."

कोंडाजीने गल्लीकडे पाहिलं. गिलासावरच्या नव्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. त्याला वाचता येत नव्हतं. "ह्यात माजं बी नाव हाय म्हनत्यात. खरं का?"

"आहे."

"कुठं?"

सुमनने 'समस्त'वर बोट ठेवलं. त्याने तिथे बराच वेळ पाहिलं. मग गिलास पालथा न घालता माठावर ठेवला, उलट्या पावली ओटा उतरला आणि गेला. खांद्याची खाकी पिशवी त्याने अजून काढली नव्हती. फक्त ती रिकामी होती.

सुमनने माठात वाकून पाहिलं. पाणी चार बोटं उतरलं होतं. तिने घागर उचलली आणि भरायला निघाली.